फोटोमागचं साल

इंदिरानगर, बेंगळुरू
५ जानेवारी २०२५

ती. सोयराआजीस,
दिव्यश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून हे पत्र. मागे मी सुट्टी ठरली म्हटलं, तर तुम्ही अख्ख्या म्हैसुरात माझी सोयरीक ठरल्याचं सांगून मोकळ्या झालात!

बातमी अशी की इथल्या वाचनालयात पुढच्या महिन्यात रेडिओच्या इतिहासावर प्रदर्शन आहे. शाळेत इतिहास शिकवते म्हणून एक भिंत माझ्या वाट्याला आली. तिच्यावर मला एक दावा मांडायचाय: लोकांसाठीचा रेडिओ आपल्याकडे सरकारी कचेरीत जन्मला नाही, हौशी माणसांच्या घरांतून आला. तुमच्याच म्हैसुरात १९३५ साली एका प्राध्यापकांनी स्वतःच्या घरातून केंद्र चालवलं, याहून चांगलं उदाहरण कुठलं? पण नुसतं सांगून भागत नाही. शेजारच्या काचेच्या पेटीत पुरावा ठेवायचाय.

तुमच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा, मायक्रोफोनपुढचा फोटो पाठवाल का? जयसिंगकाकांनी तर ‘आमचे आजोबा प्रतापराव, रेडिओवरचा पहिला मराठी आवाज’ असं इथल्या मराठी मंडळात जाहीरही केलंय. उद्घाटनाला भाषण त्यांचंच आहे.

आहे तेवढा लोभ ठेवा, स्वल्प वाढला तरी चालेल.
तुमची,
दिव्यश्री

म्हैसूर
१२ जानेवारी २०२५

चि. दिव्यश्रीस,
सोयराआजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोटो यशोवर्धनबरोबर पाठवते आहे. सुट्टी संपवून माझा हा नातू उद्या तुमच्या बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याला कारखान्यात हजर होणार. पिशवीवर बसू नकोस म्हणून त्याला बजावलंय, तरी आधी फोटो बाहेर काढून बघ.

वडील शाळेत गणित शिकवायचे, पण रेडिओवर बोलले ते परसातल्या भाजीवर. सगळं कन्नडात, आणि शेवटी आपल्या भाषेत एक गाणं. रेडिओ गल्लीत एकाच घरी होता. सगळी बायकामुलं तिथे दाटीवाटीने बसलेली. दोडक्याच्या वेलाला मांडव कसा घालावा हे सांगता सांगता वडील एवढ्या मोठ्याने शिंकले की बाळं रडायला लागली. आईने तर सरळ रेडिओकडे बघून सांगितलं की लवकर घरी या, आल्याचा काढा करून ठेवते. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. शिवाय तुझ्या आजोबांनी, म्हणजे माझ्या भावाने, अण्णाने, फोटोच्या मागे सालही लिहून ठेवलंय, १९३५. आता यावर आणखी काय पुरावा पाहिजे?

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच, वेगळे मागायला नकोत.
तुझी,
सोयराआजी

इंदिरानगर, बेंगळुरू
२० जानेवारी २०२५

ती. सोयराआजीस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो सुखरूप पोचला. पणजोबांच्या मिशा बघून वाचनालयातल्या बायका खूश आहेत. आता जे लिहायचंय त्यासाठी कालपासून तीन कागद फाडले.

मांडणीला मदत करणारा श्रीरंग म्हणून एक मुलगा आहे. पुण्याचा, महादेवपुऱ्यात नोकरीला. त्याने फोटो उलटा करून पाहिला. मग हळूच म्हणाला की हे बॉलपेनने लिहिलेलं दिसतंय. १९३५ साली आपल्याकडे बॉलपेन कुठलं? म्हणजे आजोबांनी साल फार नंतर, आठवणीने किंवा कौतुकाने, घातलं असणार. आणि आजी, तुमचा जन्म १९४१चा. १९३५चं भाषण तुम्ही ऐकणार कशा?

शिंक खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण या फोटोवर १९३५चा दावा उभा राहत नाही. त्या वर्षीच्या वर्तमानपत्रातलं एक छोटं निवेदन मला मिळालंय: केंद्र ऐकू आलं तर पोस्टकार्ड टाकून कळवा. छापलेली तारीख आहे, त्याच दिवसांतलं आहे. पेटीत तेच ठेवायचं म्हणते.

काकांना सांगितलं तर ते भडकले. घरचाच माणूस घरच्यांना खोटं पाडतो म्हणाले, न जेवता गेले. मलाही रडू आलं, कारण ते अक्षर माझ्या आजोबांचं आहे. तरी खोटं साल भिंतीवर लावून उद्या वर्गात मुलांपुढे कुठल्या तोंडाने उभी राहू?

रागवा हवं तर, पण पत्र थांबवू नका. एवढाच लोभ मागते.
तुमची,
दिव्यश्री

म्हैसूर
२९ जानेवारी २०२५

चि. दिव्यश्रीस,
अ. उ. आ.

दोन दिवस मी खरंच रागावले. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना हिशोब केला आणि एकटीच हसत सुटले. अय्यो, जन्मायच्या आधीच मी रेडिओ ऐकत होते! मग नीट आठवून पाहिलं. त्या शिंकेला हसताना मी तोंडावर हात धरला होता, कारण पुढचे दात पडलेले. म्हणजे सात वर्षांची असेन. साल १९४८ धर. अण्णा चुकला बिचारा. वडिलांवर जीव होता त्याचा, त्याने त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

सरी, ठीक आहे, माझं साल पडलं. आता तुझ्याकडे वळते. १९४८ला ते केंद्र प्राध्यापकांच्या हौसेवर चालत नव्हतं, संस्थानाने चालवायला घेतलं होतं. माझे वडील बोलले ते सरकारी रेडिओवर, आणि त्यांना शिंकायला कुणी मनाई केली नाही. सुरुवात घरातून झाली हे मान्य. पण रोज दिवा लावायचा तर तेल कोणीतरी घालावं लागतं. ते कोणी घातलं, हे तुझ्या भिंतीवर कुठे आहे? माझ्या फोटोतली खोट तुला दिसली. आपल्या दाव्याला सोयीचं तेवढंच उचललंस, हे नाही दिसलं? इतिहासाची मास्तरीण ना तू?

जयसिंगला मी पत्र टाकते, तो माझं ऐकतो. आणि हा पुण्याचा श्रीरंग जातीने फोटो उलटे करून बघतो म्हणजे मुलगा चौकस आहे. एवढंच म्हणते, सोयरीक म्हणत नाही.

माया आहे म्हणून बोलते, हे विसरू नकोस.
तुझी,
सोयराआजी

इंदिरानगर, बेंगळुरू
१० फेब्रुवारी २०२५

ती. सोयराआजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून कान लाल झाले. बरोबर होतं. मी भिंतीवरचं वाक्यच बदललं: ‘सुरुवात हौशी माणसांच्या घरांतून झाली, टिकलं ते पुढे सरकारने उचलून धरलं म्हणून.’ दुसऱ्या भिंतीवाल्यांकडून आणखी एक पेटी मागून आणली. एकीत निवेदन, दुसरीत पणजोबा. खाली लिहिलं: ‘प्रतापराव, म्हैसूर केंद्र. फोटोमागचं साल मुलाने नंतर घातलेलं. मुलीच्या आठवणीप्रमाणे सुमारे १९४८.’

काल उद्घाटन झालं. काका कोट घालून आले. माझ्याकडे बघेनात. ‘आमचे आजोबा, पहिला मराठी...’ इथवर आले आणि नजर त्या ओळींवर गेली. काकांनी चष्मा पुसला, भाषणाचा कागद खिशात घातला आणि म्हणाले की पहिला आवाज कुणाचा ते ठाऊक नाही, पण एक शिंक मात्र नक्की आमच्या घरची. आणि तुम्ही त्यांना लिहिलेलं सगळं, काढ्यासकट, कन्नडात सांगितलं. लोक पोट धरून हसले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पण आजी, खरी गंमत आज. सकाळपासून लोक घरचे फोटो घेऊन येताहेत. कुणाची आई रेडिओवर गायलेली, कुणाचे मामा तंबोऱ्याला बसलेले. सगळ्यांचं साल पहिलंच, १९३५! कुणाला दुखवायचं नाही आणि खोटंही लिहायचं नाही, हे मला एकटीला झेपत नाही. रविवारी याल? तुमच्यासाठी टेबल मांडते.

येण्यानेच लोभ कळवा.
तुमची,
दिव्यश्री

म्हैसूर
१३ फेब्रुवारी २०२५

चि. दिव्यश्रीस,
अ. उ. आ.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. स्टेशनवर जयसिंग येणार आहे. खुर्ची पाठीची ठेव, आणि लोकांना माझ्या उजव्या कानाशी बसव, त्यातून अजून स्वल्प ऐकू येतं.

तोवर कुणालाही पुरावा काय म्हणून विचारू नकोस. आधी कॉफी द्यायची. मग फोटोतल्या माणसाचं नाव विचारायचं, तो काय खायचा, कशावर चिडायचा ते ऐकून घ्यायचं. सालाचं मी बघते.

आशीर्वाद घेऊन स्वतःच येते आहे.
तुझी,
सोयराआजी