अप्पांच्या हातचा चहा

लातूर, ता. ४ एप्रिल १९८३

ति. सिद्धराम अण्णास शिवकांताचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं क्षेम, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. दुष्काळानं तेलगिरणी बंद पडली, हे घरी बसून आहेत. लातूर जिल्हा झाला, नवी कचेरी आली, तिथल्या आवारात चहाची टपरी मला मिळणार होती. ‘मलप्पांचा चहा’ अशी पाटीसुद्धा रंगवून घेतली. अप्पा गेले तरी त्यांच्या नावावर चार माणसं येतील असं वाटलं.

शनिवारी साहेबांसमोर चहा केला. टँकरचं मचूळ पाणी, त्यात दूध, साखर, आलं एकदमच उकळलं आणि अख्खं पातेलं नासलं. कोरा चहा मागितला, तो काढ्यासारखा कडू. हेडक्लार्क तोंडावर हसले. सोमवारी अठरा तारखेला पुन्हा करून दाखवा, नाहीतर टपरी दुसऱ्याला देतो, असं साहेबांनी बजावलं.

अण्णा, माझा राग तुमच्यावर आहे. नांदेडच्या आपल्या आडाचं पाणीही खारटच, पण अप्पांच्या हॉटेलातला चहा कधी नासला नाही. घरी चहाचं डिकाशन करायची वेळ झाली की मला शेजारी पिटाळायचे. लेक परक्या घरी जाणार, तिला कशाला दाखवायचं! तुम्हाला मात्र सगळं दाखवलं. आता तरी सांगा. का बहीण अजून परकीच?

राग पोचेलच, त्याखालची मायाही पोचू द्यावी.

तुमची शिवकांता

*

नांदेड, ता. ८ एप्रिल १९८३

चि. सौ. शिवकांतास अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. मला काय दाखवलं? मी तेव्हा हॉटेलात भट्टी फुंकत असायचो. अप्पा घरून डिकाशनची भरलेली किटली आणायचे, माझ्याकडे फक्त कपबशा. शेवटच्या दुखण्यातही विचारलं, तर तोंड फिरवून झोपले. अकरा वर्षं मी अंदाजानं उकळतो आहे आणि जुनी गिऱ्हाइकं पहिल्या घोटालाच तोंड वाकडं करतात. वर तू मला चोर ठरवतेस!

अव्वाला तुझं पत्र दाखवलेलं नाही. ती आयुष्यभर चुलीपाशीच, तिला हॉटेलातलं काय ठाऊक? पुन्हा असलं लिहू नकोस. साधं खुशालीचं लिही, ते वाचायला आम्ही आहोत.

तुझा सिद्धराम अण्णा

*

नांदेड, ता. ९ एप्रिल १९८३

चि. शिवकांतास अव्वाचे आशीर्वाद.

सुनेनं तुझं पत्र अन् सिद्धरामनं काल लिहिलेलं उत्तर, दोन्ही वाचून दाखवलं. हे पत्र सिद्धरामच्याच हातून लिहवून घेतेय. एक अक्षर गाळायचं न्हाई, असं त्याला बजावलंय.

दोघं भांडता, अप्पांनी कुणाला शिकवलं म्हणून. अप्पांना येत होतं काय? डिकाशन मी करत होते. बायकोच्या हातचं विकतो म्हणून लोक हसतील, असं त्यांना वाटायचं. पोरांना सांगणार न्हाई, अशी माझ्याकडून शपथ घेतली होती. ते गेल्यावरही मी पाळली, लई मूर्खपणा केला. पण सिद्धरामनं तरी एकदा विचारलं का? अकरा वर्षं माझ्यासमोर चहा नासवतोय, आणि काल लिहितो, हिला काय ठाऊक!

आता ध्यानात ठेव. खाऱ्या पाण्यात दूध उकळायचं न्हाई. आलं पाण्यात चांगलं शिजू दे. कच्चं आलं दुधात पडलं की दूध फाटतं. मग पावडर टाक, झाकण घाल, खाली उतरव. दूध वेगळं आटव. कपात आधी डिकाशन, वरून दूध. कोऱ्या चहाला पावडर निम्मी, ती उकळायची न्हाई, उकळतं पाणी तिच्यावर ओतायचं. गवती चहा शेवटी, वाफेपुरता.

कागदावरून हात बसत न्हाई. शुक्रवारच्या एस्टीनं येते. सोमवारी साहेबांपुढं तूच करशील, मी शेजारी बसेन. आणि मी यायच्या आत ती पाटी पुसून ठेव. सिद्धराम सही म्हणून नुसतं ‘अव्वा’ लिहीत होता. मी म्हटलं, माझं खरं नाव घाल, पाटीवर तेच रंगवायचंय.

सगळ्यांना जीव लाव, माझ्यावर थोडा राग धरलास तरी चालेल.

नीलम्मा