चार लाल खुणा

४ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की, कारण मी घड्याळ बघितलं. शिवप्रिया आमच्या रेडियमच्या दुकानात आली. कॉलेज अर्धवट सोडून मी नळदुर्गात परत का आलो, ते आत्ता कळालं. घरी मात्र वर्कशॉपच्या सरांशी वाजलं हेच कारण सांगितलेलं आहे.

तिनं शेंगाचटणीचा उद्योग काढलाय. शनिवारी धाराशिवला प्रदर्शनात पहिला स्टॉल. तीनशे बरण्या, तीनशे स्टिकर. चौकोनी चालतील म्हणाली. मी म्हणालो, चौकोनी कुणीपण देतं, आपण शेंगेच्या आकारात कापून देऊ. ती हसली. मालक कलीमभाई हसले नाहीत. ती गेल्यावर म्हणाले, चौकोन पट्टी लावून कापला असता, आता शेंगेसाठी सगळं मशीनवर घ्यावं लागणार.

संकल्प: राग सोडला. आजपासून.

५ नोव्हेंबर, बुधवार
डिझाइन बघायला आली. माझ्याच खुर्चीमागं उभी. स्क्रीनवर शीटच्या चारी कोपऱ्यांत काळ्या खुणा. ह्या कशाला, म्हणाली. नीट समजावलं. ह्यांना रजिस्ट्रेशन मार्क म्हणतात. छपाई झाली की शीट कटिंग मशीनमध्ये घालायची. मशीनचा डोळा आधी ह्या चार खुणा शोधतो, त्यावरनं चित्र कुठंय ते ओळखतो, मग ब्लेड बरोबर कडेनं फिरतं. ती म्हणाली, अच्छा.

त्या अच्छात नाराजी होती. मला माणसं वाचता येतात. पहिलाच धंदा, आणि चारी बाजूंनी काळं.

कलीमभाई भाच्याच्या निकाहला भूमला गेले. जाताना म्हणाले, खुणांना हात लावू नको. दर वेळी म्हणतात. वय झालं.

ते गेल्यावर खुणा लाल केल्या. अगदी कुंकवाचा रंग. तिला आत्ता सांगणार नाही. शनिवारी स्टिकर हातात देताना सांगणार, आणि त्याच दमात बाकीचंही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी: दहा शीट छापल्या, एकेकीवर तीस शेंगा. वर चकचकीत लॅमिनेशन. स्टिकरचा रोल जवळजवळ संपला, पण काम देखणं.

दुपारी ३.००: मशीनचा डोळा पुढं जातो, मागं येतो, परत पुढं जातो. मग पीं. मार्क सापडत नाही म्हणतंय. समोर चार मार्क असताना.

३.२०: शीट फिरवून लावली. पीं.

३.४०: मशीनला एक ठेवून दिली. ह्यात राग नव्हता. ट्रकवाल्यांचे टेप असेच चालू होतात.

४.००: कलीमभाईंना फोन. मागं लई गलका. मी ओरडलो, मार्क दिसंना. ते ओरडले, जेवलास का. व्हय म्हणालो आणि ठेवून दिला. खुणा कुठल्या रंगाच्या, ते त्यांनी विचारलं नाही. मग मी कशाला सांगू.

६.००: मशीनच बोगस आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी: उपाय सुचला. लाल खुणांवर मार्करनं काळं गिरवलं. चाळीस खुणा, सगळ्या हातानं. काही जाड झाल्या, काही जरा सरकल्या. मशीनला काय कळतंय.

१२.००: मशीनला कळलं. खुणा घेतल्या, ओके आलं. दहाही शीट एकामागं एक लावल्या. तेवढ्या वेळात शनिवारचं भाषण लिहायला बसलो. तू म्हणावं का तुम्ही, ह्यातच दीड तास गेला.

२.००: शीट बघितल्या. शेंग एकीकडं, काप भलतीकडं. सगळ्या शेंगांची डावी कड गेली, आणि नावातलं पहिलं अक्षर तिच्याबरोबर. तीनशे स्टिकरांवर 'वप्रिया शेंगाचटणी'.

२.३०: तिला कळवावं का? नको. उगाच काळजी करत बसंल.

५.००: तिचाच फोन. झालं का? जवळजवळ, म्हणालो.

५.१०: लांबून बघितलं तर तितकं वाईट नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
कलीमभाई साडेसातलाच आले. एक स्टिकर उचलला, बघितला, खाली ठेवला. म्हणाले, बेटा, मशीनच्या डोळ्याचा उजेडच लाल असतो. लाल उजेडात लाल खूण त्याला कशी दिसणार? आणि खुणा तर कापून कचऱ्यात जातात, बरणीवर थोड्याच जाणार होत्या.

हे मला माहीत होतं. आठवलं नव्हतं.

आठला ती आली, बरोबर तिचे मामा, कल्याणप्पा. बाहेर टेम्पोत तीनशे कोऱ्या बरण्या. मी म्हणालो, काळ्या खुणा तुम्हाला आवडल्या नव्हत्या म्हणून. ती म्हणाली, मी नुसतं विचारलं होतं. मग म्हणाली, काल फोनवर खरं सांगितलं असतं तर मी रात्रभर बसून हातानं नावं लिहिली असती.

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

मामा म्हणाले, महिनाभर पोरगी शेंगा भाजतीय आन् ह्यानं नावच खाल्लं की.

उरलेल्या रोलवर कलीमभाईंनी साधे चौकोनी स्टिकर छापले. एकशे दहा बसले. नवा रोल सोलापूरहून सोमवारी येतो. तिघंही खाली बसून पट्टी लावून कापायला लागले. मीही ब्लेड घेतलं. पहिलाच तिरका गेला. शिवप्रिया म्हणाली, तुम्ही राहू द्या. आणि जरा उजेडातनं सरका.

सरकलो. भाषण खिशात होतं. मामांनी विचारलं, बाकीच्या एकशे नव्वद बरण्यांचं काय करायचं गं? ती म्हणाली, तशाच मांडू. कुणी नाव विचारलं तर तोंडानं सांगीन.

मी काहीतरी बोलणार होतो. कलीमभाई मान वर न करता म्हणाले, शंतनू, घरी जाता जाता कोपऱ्यावर तीन चहा सांग.

आत आम्ही चौघं होतो. मी मोजलं.

दार आपटायचं ठरवूनच उठलो. पण मशीनची खोली एसीची, दाराला क्लोजर बसवलाय. जोर लावून ओढलं, काही उपयोग झाला नाही. बाहेर उभा राहिलो. दार त्याच्या सवडीनं हळूहळू आलं आणि आवाज न करता लागलं.