साडूचा ऑक्सिजन

४ मे. उंची ३,२०० मीटर
तीन महिने रोज ऑफिसचे नऊ मजले चढलोय. साडू तीन महिने सोफ्यावर. या ट्रेकमध्ये खिंडीत माझ्याआधी पोचणं त्याला या जन्मात शक्य नाही.
जेवणाआधी ग्रुपबरोबरच्या डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला. आकडे मोठ्यांदा वाचून वहीत लिहिले. साडू ९२. मी ८६. माझं बोट गार होतं.

५ मे. ३,६०० मीटर
बसल्या जागी नाडी १०४. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हवा विरळ आहे, हृदयाला जास्त पळावं लागतं, घाई करू नका. साडूची ७८! त्याचं हृदयही त्याच्यासारखंच आळशी. बायको म्हणाली, भावोजी किती शांतपणे चालतात. अंगाचा तिळपापड झाला.

६ मे. संध्याकाळ
शोध लागला! तंबूमागे दोन मिनिटं भराभर खोल श्वास घेतले आणि लगेच बोट पुढे केलं. ९३!! साडू ८८. बायको माझ्याकडे बघत राहिली. कौतुकानेच. डोकं ठणकतंय, पण ते उन्हामुळे.

७ मे. ४,१०० मीटर
पुन्हा ९३. साडू ८५. त्याला सगळ्यांच्या मागून हळू यायला सांगितलंय. बिच्चारा. फार बरं वाटलं.
मी सगळ्यांत पुढे. दर पाच पावलांना बुटाचे बंद बांधायला वाकतो. छातीत घरघर. जेवण गेलं नाही. बायकोने बरं नाही का विचारलं, तर खेकसलो.

८ मे. खिंड दीड तासावर
बसलो तो उठताच येईना. डॉक्टरीणबाई धावत आल्या, श्वासांची तयारी करायला वेळच मिळाला नाही. ६७. मशीन बिघडलंय म्हणालो. त्यांनी ते साडूच्या बोटाला लावलं. ८९.

९ मे. खाली, दवाखाना
नाकात नळी. फुप्फुसांत पाणी झालं होतं. इथल्या डॉक्टरांना श्वासांचं सांगून टाकलं. खरे आकडे दिले असते तर दोन दिवस आधीच कळलं असतं, म्हणे.
साडू आणि त्याची बायको, म्हणजे हिची ताई, खिंडीत पोचले. मला घोड्यावरून आणलं, बायको मागून चालत खाली आली. डॉक्टरीणबाईंनी घाईत आकड्यांची वहीच सोबत दिलीय, ती चाळली. रोजचा सगळ्यांत मोठा आकडा बायकोचा. रोज वाचला गेला असणार. मी ऐकलाच नाही. कॉलेजात असल्यापासून तिला ती खिंड बघायची होती.
तिला म्हटलं, पुढच्या वर्षी मी तुला नक्की नेतो. ती म्हणाली, तिचं ताई-भावोजींबरोबर ठरलंय.