शेजारच्या खाटेचा आकडा

मास्तरीणबाई, सप्रेम नमस्कार.

काळजी करू नकोस. दाढेचा पू गळ्यात उतरला होता, तो डॉक्टरांनी काढला. आता तोंड दोन बोटं उघडतं.

रक्तात सूज किती, ते इथे सीआरपी नावाच्या आकड्यावरून कळतं. पहिल्या दिवशी माझा दोनशे ऐंशी, शेजारच्या सुताराचा नव्वद. मी म्हटलं, पहिला आलो! नर्स हसली, "अहो, जितका कमी तितका बरा."

आज त्याचा बारा, माझा एकशे चाळीस. दुखणं दाढेचं, पण दुखतं पोटात. त्यात त्याची बायको रोज शेजारी स्टुलावर बसून त्याला चमच्याने भरवते. लेकाचा मुद्दाम सावकाश गिळतो!

तुझे पेपर तपासून झाले का? सुतार उद्या घरी जाणार. तिचं स्टूल मी आत्ताच माझ्या खाटेशी ओढून ठेवलंय.

तुझाच,
अजूनही वर्गात पहिला