कॉर्लिस साहेबांच्या कचेरीतली माझी खुर्ची

मी, लिओटा मे लॅफम, वय चौपन्न, व्यवसाय शाळेची बस चालवणे, राहणार लोअर फेअरबी, राज्य व्हर्माँट, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. दडपणाचे शब्द लिहिताना हात जरा अडखळला, कारण मला लिहायला बसवलं आहे ते माझे गुरू, वकील कॉर्लिस साहेब यांनीच.

आमच्या राज्यात लॉ कॉलेजात न जाताही वकील होता येतं. वकिलाच्या हाताखाली चार वर्षं उमेदवारी करायची, त्याचा दाखला घ्यायचा आणि परीक्षेला बसायचं. साहेब असेच शिकले, मीही तशीच शिकते आहे. शेवटच्या दाखल्यावर सही करण्याआधी उमेदवाराकडून त्याचं स्वतःचं मृत्युपत्र लिहून घ्यायचं, ही साहेबांच्या गुरूंपासूनची रीत. "उद्या लोक तुझ्यापुढे घरदार उघडं करून बसतील. ते कसं वाटतं, आधी तू बघ," साहेब म्हणाले. हे लिखाण चुकलं तर दाखला नाही आणि दाखला नाही तर परीक्षा नाही.

कसं वाटतं? लाज वाटते.

कलम १. माझं घर चाकांवरचं आहे आणि खालची जमीन दुसऱ्याची. इतरांच्या मृत्युपत्रांत मी 'सदर मिळकत, कुरणे व मेपलचे रान' असं झोकात लिहिलं आहे. स्वतःच्या पत्र्याच्या घराला मिळकत म्हणताना मात्र संकोच होतो. तरी सदर मिळकत माझी भाची टेसा हिला द्यावी. न्हाणीघराचं दार जरा उचलून लावावं लागतं.

कलम २. बँकेत जे उरलं असेल त्यातून आधी माझं दफन, मग शाळेच्या बससाठी नवी हिवाळी टायरं. जुन्या टायरांबद्दल शाळेच्या मंडळाला मी सांगून थकले आहे.

कलम ३. मेपलचा रस आटवायची आईची कढई माझी थोरली बहीण व्हर्ना हिला द्यावी. आईला मातीआड केलं त्या दिवसापासून ती मागते आहे. कढई गळते. हे तिला आधी सांगू नये.

आता व्हर्नाचा विषय निघालाच आहे तर तेही लिहिते. चर्चच्या जेवणावळीत, सगळं गाव पानावर असताना, ती मोठ्याने म्हणाली, "काय गं वकिलीणबाई, कुठल्या कॉलेजात जातेस ते सांग की सगळ्यांना. का कॉर्लिसच्या कचेरीत स्टोव्हपुढे शेकत बसूनच कायदा शिकतेस?" लोक हसले. मी मान खाली घालून पावाने रस्सा पुसत राहिले. साहेब शेजारच्याच टेबलावर होते, ही खरी लाजेची गोष्ट, कारण तेही त्याच स्टोव्हपुढे शिकले होते. व्हर्नाला मी माफ केलेलं नाही. तिला कढई मिळाली की करेन.

कलम ४. कचेरीत उमेदवारासाठी खुर्ची नव्हती म्हणून पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातली उचलून नेली. तिचा एक पाय तारेने आवळलेला आहे. अशील आलं की तार दिसू नये म्हणून मी पुढे उभी राहत असे. साहेब माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे, तेव्हा त्यांना काही ठेवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तरी ही खुर्ची त्यांना द्यावी. ज्यांनी मला सगळं दिलं त्यांना द्यायला माझ्याकडे एवढंच आहे, याची मला लाज वाटते.

साक्षीदार: १. हायरम कॉर्लिस २. डोरिन बूशे

सही करण्यापूर्वी वाढवलेला मजकूर:

गावच्या कचेरीतून डोरिन साक्षीला आली. साहेबांनी सगळं वाचलं आणि पेनला टोपण लावलं. "ज्याला काही मिळायचंय त्याने साक्षीला सही केली, तर त्याचं देणं रद्द होतं. पहिल्याच हिवाळ्यात शिकवलं होतं."

मागच्याच आठवड्यात हेच मी एका म्हाताऱ्या अशिलाला ऐटीत समजावलं होतं. चार वर्षं पाण्यात गेली असं वाटलं.

"खुर्चीचं कलम खोडते," मी म्हणाले. "सही तुमचीच राहू दे. मोडकी खुर्ची ती, तिचं काय एवढं?"

"हात लावू नकोस त्याला. सही काय, कोणीही करेल. खुर्ची मला दुसरं कोण ठेवणार आहे?"

आणि ते काठी टेकत, चिखल तुडवत समोरच्या चाऱ्याच्या दुकानातून आर्ची ट्रॉम्बलीला घेऊन आले. मग माझ्याच खुर्चीत बसून त्यांनी दाखल्यावर सही केली.

"पण मी तर चुकले," मी म्हणाले.

"कागद चुकला, तो सुधारला. घर उघडं केलंस की नाही?"

वरच्या साक्षीदारांत हायरम कॉर्लिस हे नाव मी खोडले असून तिथे माझी आद्याक्षरे लिहिली आहेत.

लिओटा मे लॅफम
लोअर फेअरबी, ९ एप्रिल २०१४

साक्षीदार: डोरिन बूशे, आर्ची ट्रॉम्बली

हजर, पण साक्षीदार नव्हे: हायरम कॉर्लिस, खुर्चीचे भावी मालक