सातवीनं काढलेला तक्ता

१२ जानेवारी १९९९, मंगळवार
निघालं एकदाचं फडकं! चार महिने कॉम्प्युटर ऑफिसात झाकून ठेवला होता हेडमास्तर केशवरावांनी. दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं, तेवढाच त्याचा उपयोग. म्हणे, पोरं बिघडवतील. म्हटलं, बिघडला तर मी आहे ना!

सातवीला सांगितलं — प्रश्न तुमचा, उत्तर तुम्हीच शोधायचं, मग कॉम्प्युटरवर त्याचा तक्ता करायचा. शिल्पा उठली नि म्हणाली, "बाई, आपल्या वर्गात अकराच मुलं का?" पहिलीत एकेचाळीस होती. मी हसले. म्हटलं, घ्या हाच प्रश्न.

१३ जानेवारी
जी मुलं शाळा सोडून गेली, त्यांच्या घरी जाऊन कारण विचारायचं ठरलं. दोनच नियम घातले. भांडायचं नाही. आणि आवडलं नाही म्हणून कुठलंही उत्तर खोडायचं नाही.

२० जानेवारी
संक्रांतीच्या सुट्टीत पोरांनी शाळेभोवतीचं अंबरपेठ, नारायणगुडा पालथं घातलं. हातात तिळगूळ, बगलेत फॉर्म. तेवीस घरं! कुणी हाकललं का, विचारलं. "नाही बाई, सगळ्यांनी आत बोलावलं," शिल्पा म्हणाली. काय गुणी लेकरं!

२४ जानेवारी, रविवार
मला कुठला येतोय कॉम्प्युटर! आमच्या लेकीला, गौरीला, शाळेत घेऊन गेले. तिच्या सिकंदराबादच्या शाळेत चौथीपासूनच शिकवतात. (ती शाळा म्हणजे यांचा हट्ट. मी नाही म्हणत होते. फार नाही, पण म्हणत होते.) गौरी मराठी वाचताना अडखळते, म्हणून शिल्पा फॉर्म वाचून दाखवत होती, गौरी टाइप करत होती. मी चहा पिऊन आले तर दोघी गप्प. काय झालं म्हटलं, तर काही नाही म्हणाल्या. भूक लागली असेल म्हणून डबा उघडून दिला. गौरीनं एक पोळी कशीबशी खाल्ली.

६ फेब्रुवारी
आज शाळा समितीपुढे तक्ता ठेवला. रंगीत खांब, किती देखणे! इंग्रजी हवं, पुढे नोकरी हवी, शाळा लांब पडते. वाटलं होतं, कारणं दिसली की उपाय करतील. बोलायचं इंग्रजी शिकवू, रिक्षा ठरवू — सगळं लिहून नेलं होतं मी. कुणी वाचलंच नाही. अध्यक्ष हिम्मतराव म्हणाले, "बाई, लोकांना मराठी नको, हे तुमच्या पोरांनीच सिद्ध केलं." जूनपासून मराठी वर्ग बंद. कॉम्प्युटर संस्थेच्या इंग्रजी शाखेला.

माझ्याच हातांनी झालं. घरी येऊन मोरीत बसून रडले.

७ फेब्रुवारी
संताप आवरेना. उठले नि दत्तोबांच्या घरी गेले. तिसरीतून पोरगी काढून नेली त्यांनी, सगळ्यात आधी. दारातच सुनावलं, तुमच्यासारख्यांनी शाळा मारली.  त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितला. मी घेतला नाही. निघताना एवढंच विचारलं त्यांनी, "गौरी बरी आहे ना?"

कोडगे मेले!

१० फेब्रुवारी
फळ्यावर तारीख लिहिली. पुढे काही सुचेना. मुलांनी तेवढी तारीखच वहीत उतरवून घेतली.

२३ एप्रिल
शाळेचा शेवटचा दिवस. शिल्पानं दप्तरातून नऊ फॉर्म काढून हातात ठेवले. तक्त्यात चौदाच घरं होती — मी मोजलीच नव्हती. सगळ्यात वर दत्तोबांचा. नऊही घरांचं उत्तर एकच: "बाईंची गौरी इंग्रजी शाळेत, मग आमचीच मराठीत का?"

"खोडलं नाही बाई," शिल्पा म्हणाली. "गौरीताई रडायला लागली, म्हणून बाजूला ठेवलं."