कपाटातला पासपोर्ट

प्रिय आई,

हे पत्र थोरल्या जाऊबाईंच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुमचं वाचून होईपर्यंत खोलीत कुणाला येऊ देणार नाही, असं त्यांनी कबूल केलंय. चष्मा घ्या आणि खिडकीशी बसा. घाबरण्यासारखं काही नाही. मी बरी आहे.

एका शिवणाच्या दुकानात कामाला जाते. पँट्स आखूड करायच्या, चेन बदलायच्या, जुन्या कोटांना नवं अस्तर लावायचं. मालक म्हातारा आहे आणि असा खडूस की कात्रीसुद्धा त्याला विचारून चालते. पहिल्या दिवशी त्यानं माझं काज उलटसुलट करून पाहिलं आणि खुणेनंच विचारलं, कुठे शिकलीस? मी म्हटलं, "सासूबाईंकडे." त्याला काही कळलं नाही, पण मला बोलून बरं वाटलं. लग्नानंतर व्हिसा येईपर्यंत तुमच्याजवळ होते, तेव्हा तुम्ही मला तुमच्या शिवणक्लासच्या मुलींमध्ये बसवायचात. टाका चुकला की म्हणायचात, "उसव आणि परत घाल. रडून कापड जुळत नाही."

मी पळून गेले, असं तुम्हाला सांगितलं गेलं. मी त्यावर आजवर काही बोलले नाही. मुलाबद्दल आईला काय सांगायचं ते कळत नव्हतं. अजूनही नीट कळत नाही, म्हणून जे झालं तेवढंच लिहिते.

इथे उतरले तेव्हा विमानतळावरच यांनी माझा पासपोर्ट मागून घेतला. "तू हरवशील," म्हणाले. मला त्यात काळजीच दिसली. पासपोर्ट त्यांच्या कपाटात गेला आणि किल्ली त्यांच्या खिशात. मग माझा फोन त्यांच्याकडे गेला. मग, भाषा येत नाही तर बाहेर कशाला जायचं, असं सुरू झालं, आणि एक दिवस कामावर जाताना त्यांनी दाराला बाहेरून कुलूप घातलं. चौथा मजला, खिडकीखाली कचऱ्याचे डबे. मी काही म्हटलं की एकच वाक्य असायचं: "तू इथे माझ्या नावावर आहेस. मी एक अर्ज केला की पोलीस तुला विमानात बसवतील." आई, मी ते खरं मानलं. खोटं आहे असं सांगणारं होतं कोण?

तुमच्याशी फोनवर बोलताना ते समोर बसलेले असायचे. तुम्ही विचारायचात, "खूश आहेस ना गं?" आणि मी हो म्हणायचे. एकदा तुम्ही जरा थांबून तोच प्रश्न परत विचारलात. त्या परत विचारण्यावर मी कितीतरी दिवस काढले. हात त्यांनी फार वेळा उचलला नाही. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल की जास्त वाईट, ते मला माहीत नाही.

मग मला ताप आला आणि काही केल्या उतरेना, तेव्हा त्यांनी दवाखान्यात नेलं. नर्सनं त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. हिला भाषा कळत नाही, मीच सांगतो, असं ते हसत म्हणाले. नर्सही हसली, पण तिनं दार लावून घेतलं. टेबलावरच्या फोनचं बटण दाबलं, आणि त्यातून एक बाई चक्क मराठीत म्हणाली, "नमस्कार ताई, मी दुभाषी बोलतेय. काय होतंय तुम्हाला?" मी तापाचं सांगायला तोंड उघडलं आणि कुलपाचं बोलून गेले. मग दुभाषी बाई ते शब्दाला शब्द लावत नर्सला सांगत गेल्या. नर्स माझ्याकडे बघत सावकाश बोलत होती आणि मला मराठीत ऐकू येत होतं: पासपोर्ट तुझा आहे, तो नवऱ्यालाही ठेवून घेता येत नाही. माणसाला कोंडणं हा गुन्हा आहे. नवऱ्याच्या अर्जावर कुणी तुला उचलून नेत नाही, आधी तुझं म्हणणं ऐकावं लागतं. वकील फुकट मिळतो. मी म्हटलं, "पण मी इथली नाही हो." नर्स म्हणाली, "नसलीस तरी कायदा तुलाही लागू आहे."

त्या दिवसापासून मी त्या घरात राहिले नाही. दवाखान्यातून मला बायकांच्या निवाऱ्यात नेलं. पासपोर्ट आणायला एक हवालदार बाई बरोबर आल्या. वाटलं, आता हे आकाशपाताळ एक करतील. पण बाईंनी काय हवं ते सांगितलं, आणि हे "हो हो, का नाही" म्हणत आत गेले, कपाट उघडलं आणि पाहुण्याला पाणी द्यावं तसा पासपोर्ट दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांना इतकं हळू बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. तेच सगळ्यात जास्त लागलं.

पुढचंही काही सोपं नव्हतं. इथे राहू देण्याचा माझा पहिला अर्ज नामंजूर झाला. सुनावणीत अधिकाऱ्यानं विचारलं, इतके महिने सांगितलं का नाही? मी विचारलं, "कुणाला सांगायचं होतं?" वकीलबाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला. गप्प बस म्हणून की शाब्बास म्हणून, ते मी अजून विचारलेलं नाही. शेवटी माझ्या स्वतःच्या नावावर राहायची आणि काम करायची परवानगी मिळाली. घटस्फोटही झाला. आता एक खोली आहे, तिची किल्ली माझ्याकडे असते.

हे सगळं आज का लिहिलं, तर परवा जाऊबाईंचा फोन आला. घर विकायला काढलंय, म्हणाल्या, आणि आई कायमच्या तिकडे धाकट्याकडे, म्हणजे यांच्याकडेच, जायच्या आहेत, तिकीटसुद्धा आलंय. आई, तुम्ही खुशाल या. मुलाकडे येणाऱ्या आईला अडवणारी मी कोण? तुमच्याशी ते वेगळे वागतील, वागावेत असं मनापासून वाटतं. पण "हरवेल, माझ्याकडे दे" म्हणाले, तर पासपोर्ट देऊ नका. वकीलबाईंना मी मुद्दाम जाऊन विचारून आले: आईलाही हे सगळं लागू आहे, भाषा येत नसली तरी, मुलाच्या व्हिसावर आलेली असली तरी. आणि जमलं तर घर विकू नका, भाड्यानं द्या, म्हणजे परत जावंसं वाटलं तर आपलं दार असेल. खाली दोन नंबर लिहिले आहेत. पहिला पोलिसांचा. त्यावर नुसतं "मराठी" म्हणा आणि फोन ठेवू नका, ते दुभाषी देतात. दुसरा माझा. कायद्यानं आता आपलं नातं काही उरलेलं नाही, वकीलबाईंनी तेही समजावून सांगितलं. तरी कधीही फोन करा, मी येईन. त्यांनी दार उघडलं नाही तरी येईन. बंद दार कुणाला बरोबर नेऊन उघडायचं असतं, ते मला आता माहीत आहे.

तुमचीच,
धाकटी